पेनल्टी व व्हीएआर

फुटबॉलच्या सामन्यात मैदानावरील पंचाने दिलेल्या किंवा नाकारलेल्या पेनल्टीची चित्रफितीच्या आधारे फेरतपासणी करण्याची पद्धती. १८९१ मध्ये नियमांत दाखल झालेली पेनल्टी ही, ज्या खेळात एकाच गोलावर सामन्याचा निकाल वारंवार लागतो त्या खेळातील अत्यंत जबर शिक्षा असल्यामुळे, तिच्याविषयीची तक्रार जितकी जुनी तितकीच तीव्र आहे. नियमांची मुखत्यारी ज्याच्याकडे आहे त्या आयएफएबी या मंडळाने मार्च २०१८ मध्ये व्हीएआर (व्हिडिओ असिस्टंट रेफरी) या पद्धतीला संमती दिली आणि त्याच वर्षी रशियातील विश्वचषकात तिचा अंमल झाला. त्या स्पर्धेत २९ पेनल्टी दिल्या गेल्या, हा तोवरचा उच्चांक होय.

गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूस झालेली शिक्षा, एवढ्याच चार बाबी तेव्हा या व्यवस्थेच्या अखत्यारात येत होत्या. पडद्यासमोर बसलेल्या सहायक पंचाने ढळढळीत चूक दिसल्यास ती नजरेस आणावी. निवाडा मात्र मैदानावरील पंचाचाच.

या व्यवस्थेचे बळ आणि तिची मर्यादा १५ जुलै २०१८ रोजी मॉस्कोच्या लुझ्निकी मैदानावरील अंतिम सामन्यात एकाच वेळी प्रत्ययास आली. फ्रान्स व क्रोएशिया १-१ अशा बरोबरीत असताना, फ्रान्सच्या ग्रिझमनच्या कॉर्नरवर त्याचा सहकारी मात्युईदी याच्या पाठोपाठ उडी घेणाऱ्या क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला. अर्जेंटिनाचे पंच नेस्तोर पिताना यांनी प्रथम पेनल्टी दिली नाही, परंतु सूचना येताच ते मैदानाकडेच्या पडद्यापाशी गेले, दृश्य न्याहाळून मैदानाकडे वळले, पुन्हा माघारी येऊन त्यांनी तेच दृश्य पाहिले, आणि मग पेनल्टी दिली. ग्रिझमनने गोल केला व फ्रान्सने सामना ४-२ असा जिंकला. फ्रान्सचा पहिला गोल ज्या फ्री किकमधून उद्भवला ती मिळावी असा धक्का ग्रिझमनला लागलाच नव्हता, असा आक्षेपही तेवढाच प्रबळ होता. पण फ्री किक त्या चार बाबींत बसत नसल्याने त्याची सुनावणी होणेच अशक्य होते.

चेंडू हाताला लागला की नाही, हे चित्रफीत निर्विवादपणे सांगते. तो स्पर्श अपराध ठरतो का, हे ती सांगू शकत नाही. संथ गतीच्या चित्रणात प्रत्येक हालचाल हेतुपूर्वक केल्यासारखी भासते, म्हणूनच स्पर्शाचे स्थान ठरवण्यापुरतेच ते वापरावे आणि हँडबॉलचा निर्णय नेहमीच्या गतीने पाहूनच करावा, असा दंडक घालण्यात आला आहे. तो सर्वथा उचित आहे, आणि त्याचे काटेकोर पालन व्हावयास हवे. २०१९ मध्ये, हाताने शरीराचा विस्तार अस्वाभाविकपणे वाढवणे हा निकष नियमांत शब्दबद्ध झाला. तथापि ‘अस्वाभाविक’ कशास म्हणावे, हे अद्याप पंचाच्या विवेकावरच सोपविलेले आहे.

प्रेक्षकांस निर्णयाचे कारण न कळणे हा या पद्धतीचा आरंभापासूनचा मोठा दोष. महिलांच्या २०२३ च्या विश्वचषकात पंचांनी फेरतपासणीचा निकाल ध्वनिक्षेपकावरून सर्वांस ऐकविण्याची तजवीज झाली, ही या क्षेत्रातील अत्यंत स्वागतार्ह सुधारणा होय. ऑकलंड येथील पहिल्याच सामन्यात जपानच्या पंच योशिमी यामाशिता यांनी हँडबॉलबद्दल न्यूझीलंडला दिलेली पेनल्टी अशा रीतीने जाहीर केली.