सार्वजनिक वाचनालये आणि ऑनलाइन सहयोग : विहारातल्या कपाटापासून सामायिक यादीपर्यंत

वाचनालय म्हटले की कपाटे, देवघेवीचे रजिस्टर आणि संध्याकाळी दोन तास उघडणारी खोली आठवते. ऑनलाइन वाचनालय म्हटले की बहुतेक ठिकाणी त्याच खोलीचे फेसबुक पेज, त्यावर जयंतीच्या शुभेच्छा आणि कार्यक्रमाचे फोटो एवढेच असते. यापलीकडे आणखी एक प्रकार आहे. वाचकांनी मिळून पुस्तकांची यादी करणे, जुन्या फोटोतली माणसे ओळखणे, दुर्मीळ मजकूर टंकून तपासणे, वडीलधाऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे ही कामे वाचनालयाच्या देखरेखीखाली इंटरनेटवर एकत्र करता येतात. त्यासाठी लागणारी बहुतेक साधने मोफत आहेत. ती कोणती, कुठे वापरली गेली आणि खानदेशातल्या युवकांना व कार्यकर्त्यांना त्यांचा उपयोग कसा करता येईल, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

पार्श्वभूमी

आपल्या समाजाला वाचनालयाची कल्पना नवी नाही. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढण्याचाही समावेश होता. दादरचे राजगृह बांधताना बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथसंग्रहासाठी खास जागा ठेवली. आज अनेक बुद्धविहारांत पुस्तकांचे एक तरी कपाट असते. अडचण अशी की या कपाटात काय आहे, हे शेजारच्या गावाला माहीत नसते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. पुस्तक वापरण्यासाठी असते हे त्यांतले पहिले, आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे हे शेवटचे. २००५ च्या सुमारास ‘लायब्ररी २.०’ हा शब्द रूढ झाला. त्यामागचा विचार याच सूत्रांच्या वाटेने जातो: वाचकाने ग्रंथालयातून ज्ञान घ्यावे, तसे त्यात भरही घालावी.

इतरांनी काय केले

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये सुमारे तीन हजार जुने फोटो ‘फ्लिकर’वर ठेवले. अनेक फोटोंची माहिती अपुरी होती. लोकांनी माणसांची नावे, ठिकाणे, प्रसंग कळवले. कर्मचाऱ्यांनी ते पडताळून आपल्या नोंदी दुरुस्त केल्या.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्याच वर्षी जुनी वर्तमानपत्रे ऑनलाइन आणली. छापील पान यंत्राने वाचताना झालेल्या चुका वाचकांनी एकेक ओळ करून सुधाराव्यात, अशी सोय ठेवली. ‘ट्रोव्ह’ या नावाने ते काम अजून चालू आहे.

न्यूझीलंडमधील होरोवेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयाने १९९९ साली ‘कोहा’ हे ग्रंथालय-सॉफ्टवेअर करवून घेतले आणि सर्वांसाठी मोफत खुले केले. आज ते भारतातल्या अनेक ग्रंथालयांतही वापरले जाते.

महाराष्ट्रात १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने आपली दुर्मीळ पुस्तके स्कॅन करून सर्वांना मोफत वाचायला ठेवली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने गावोगावी जमवलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या ‘पारी’ या संकेतस्थळाने २०१७ पासून लोकांपुढे आणायला सुरुवात केली. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील महिलांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यांत आहेत. कोणी ध्वनिमुद्रण केले, कोणी लिहून काढले, कोणी भाषांतर केले, म्हणून हा ठेवा उभा राहिला.

या सर्व ठिकाणी पद्धत सारखीच दिसते. संस्थेने आपल्याकडची सामग्री खुली केली, लोकांनी छोटी छोटी कामे वाटून घेतली आणि पडताळणीची जबाबदारी संस्थेने स्वतःकडे ठेवली. यातली एकही पायरी गाळली तर काम टिकत नाही.

खानदेशात याची गरज का आहे

दीपनगर ही भुसावळ औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. शेजारचे भुसावळ रेल्वेचे गाव. दोन्हीकडे माणसे नोकरीसाठी येतात, बदली झाली की जातात, निवृत्त झाली की क्वार्टर सोडतात. जाताना त्यांच्या ट्रंकेतली पुस्तके, स्मरणिका, अंकांच्या फायली आणि फोटोही जातात. जे मागे राहते ते अनेकदा रद्दीत जाते. पाळीत काम करणाऱ्यांना संध्याकाळच्या ठरावीक वेळेत वाचनालय गाठताही येत नाही.

वेळेचा मुद्दा त्याहून मोठा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी जे दहा-पंधरा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी सापडू शकते, माणसाच्या आठवणीची सापडत नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी मुलगा सोपानदेव आणि नातलगांनी लिहून ठेवली होती, म्हणून बहिणाबाई गेल्यानंतर १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दिलेली प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली, म्हणून ती आज वाचता येतात. आपल्या वस्तीत टिपून घेणारा कोण, हे आपणच ठरवायचे आहे.

करता येण्याजोगी चार कामे

*१. सामायिक यादी.* ‘गुगल शीट’सारख्या तक्त्यात परिसरातल्या वाचनालयांतील, विहारांतील आणि देण्यास राजी असलेल्या घरांतील पुस्तकांची एकच यादी करावी. रकाने थोडे ठेवावेत: पुस्तकाचे नाव, लेखक, अनुवादक, प्रकाशक, वर्ष, पुस्तक कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे. सोबत मुखपृष्ठाचा आणि आतल्या नामपृष्ठाचा फोटो. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या वसंत मून यांनी संपादनाला सुरुवात केलेल्या मालेचा पहिला खंड १९७९ साली निघाला. पुढे खंडांच्या टंचाईची ओरड इतकी झाली, की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकाशनाच्या रखडपट्टीची स्वतःहून दखल घेतली. कोणता खंड फेकरीत आहे, कोणता भुसावळात आणि कोणता कुठेच नाही, एवढे कळले तरी स्पर्धा परीक्षेच्या आणि संशोधनाच्या विद्यार्थ्यांची पायपीट वाचेल.

*२. फोटोंची ओळख.* मोर्चे, परिषदा, विहाराची पायाभरणी यांचे जुने फोटो घरोघरी आहेत. ते सपाट ठेवून, उजेडात, चमक न येऊ देता मोबाइलने टिपावेत. प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि मग लोकांना विचारावे: ठिकाण कोणते, साल कोणते, डावीकडून तिसरे कोण? धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या मुक्कामाच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला भीमस्मृती यात्रा भरते. तेथे जमणाऱ्यांच्या घरांतले फोटो आणि हकिकती एकत्र आल्या तर खानदेशातल्या चळवळीचे मोठे साधन तयार होईल.

*३. आवाज.* मोबाइलवर शांत खोलीत केलेले अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण पुरेसे असते. सुरुवातीला तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचे नाव आणि संमती नोंदवावी. बोलणारे अहिराणीत बोलत असतील तर अहिराणीतच बोलू द्यावे. प्रमाण मराठीत बोलायला लावले की अर्धी हकिकत गळून जाते. नंतर दोन जणांनी मिळून ते लिहून काढावे, एकाने लिहावे आणि दुसऱ्याने ऐकत तपासावे.

*४. विकिस्रोत आणि विकिपीडिया.* मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याचाच भाऊबंद असलेल्या विकिस्रोतावर प्रताधिकारमुक्त पुस्तके मूळ रूपात ठेवली जातात. एका बाजूला स्कॅन केलेले पान, दुसऱ्या बाजूला टंकलेला मजकूर. एकाने तपासले की पानाची खूण पिवळी होते, दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवी. पाळीवरून आलेला कामगारही दिवसाला एक पान तपासू शकतो. विकिपीडियावर मात्र मत नव्हे, संदर्भ चालतो. ‘एक ग्रंथपाल, एक संदर्भ’ ही मोहीम २०१६ पासून जगभर चालते. आपल्या कपाटातले पुस्तक उघडून एखाद्या लेखाला पान क्रमांकासह एक संदर्भ जोडणे, हे ग्रंथपालाला जमणारे आणि दूरवर उपयोगी पडणारे काम आहे.

कोणते साधन कशासाठी

व्हॉट्सॲप ग्रुप निरोपासाठी चांगला, साठवणीसाठी नाही. तेथे आलेला दुर्मीळ फोटो सुप्रभातच्या संदेशांखाली गाडला जातो, आणि ग्रुपमधल्या सर्वांना एकमेकांचे क्रमांक दिसतात. नवीन पुस्तकांची सूचना देण्यासाठी व्हॉट्सॲप चॅनल बरा, कारण त्यात सदस्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. यादी तक्त्यात, मूळ फोटो आणि ध्वनिमुद्रणे ड्राइव्हवर, आणि त्यांची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर, अशी विभागणी ठेवावी. यादी सर्वांना दिसावी, पण बदलण्याचा अधिकार दोघातिघांकडेच असावा. बाकीच्यांनी फॉर्म भरून माहिती पाठवावी. संग्रह वाढला की एनआयसीचे ‘ई-ग्रंथालय’ किंवा ‘कोहा’ यांचा विचार करावा. ‘फेसबुक’चा उपयोग माणसांपर्यंत पोहोचण्यासाठी करावा, मात्र खाते एका व्यक्तीच्या नावावर ठेवू नये. कार्यकर्ता गट सोडून गेला आणि पासवर्डही सोबत गेला, अशाने वर्षांचे काम अडकते.

प्रताधिकार आणि खासगीपणा

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे, म्हणून त्यांनी स्वतः लिहिलेले व त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. ‘मूकनायक’मधील त्यांचे लेख त्यांत येतात. महात्मा फुल्यांचे ‘गुलामगिरी’ही मुक्तच आहे. पण मूळ पुस्तक मुक्त झाले म्हणून त्याचा अलीकडचा मराठी अनुवाद, प्रस्तावना किंवा टिपा मुक्त होत नाहीत. नव्या लेखकाचे पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकणे ही सेवा नव्हे. आपले लेखक आणि छोटे प्रकाशक चार प्रतींच्या विक्रीवर उभे असतात.

कोणत्या वाचकाने कोणते पुस्तक नेले, ही नोंद कधीही सार्वजनिक करू नये. आठवण सांगणाऱ्याने एखादा भाग गाळायला सांगितला तर तो गाळावा. अत्याचाराच्या प्रकरणांतील पीडित आणि साक्षीदार यांची नावे, पत्ते, फोटो यांबाबत तर विशेष काळजी घ्यावी. एकदा इंटरनेटवर गेलेले परत घेता येत नाही.

सुरुवात कशी करावी

तीन जण पुरेसे आहेत: एकाने यादी सांभाळावी, एकाने फोटो व आवाज, एकाने पडताळणी. पहिल्या महिन्यात एकाच कपाटाची पूर्ण यादी करावी. दुसऱ्या महिन्यात जवळच्या दोन ठिकाणांची जोड द्यावी. तिसऱ्या महिन्यात वस्तीतल्या सर्वांत वयस्कर पाच जणांच्या आठवणी घ्याव्यात. शासनमान्य वाचनालय जवळ असेल तर ग्रंथपालाला सोबत घ्यावे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारी वाचनालये सर्वांसाठी आहेत आणि नोंदी ठेवण्याचे शास्त्र त्या माणसाला माहीत असते. कमी मानधनावर काम करणाऱ्या ग्रंथपालावर आणखी भार टाकण्यापेक्षा युवकांनी टंकलेखनाचे हात द्यावेत.

जयंतीच्या मिरवणुकीचे नियोजन करणाऱ्या मंडळाला हे काम अवघड नाही. वर्गणीची यादी जितक्या काटेकोरपणे होते, तितक्याच काटेकोरपणे पुस्तकांची यादी व्हावी, एवढेच आम्ही सुचवतो.