दिनविशेष : १ डिसेंबर
बेळगुंदीच्या मार्कंडीचा सखा

लेखक काकासाहेब ऊर्फ दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा आज जन्मदिन. जन्म साताऱ्याचा, १८८५ सालचा. पण मायेची नदी बेळगावजवळच्या बेळगुंदीची. मार्कंडी ती! पुराणात ना माहात्म्य, ना काठी मोठं तीर्थक्षेत्र. पावसाळा सरला की शिवारातनं गुमान वाहत पुढं घटप्रभेला मिळते. आता या दिवसांत आसपासच्या रानात रताळी काढायची गडबड असते. अशा नदीला काकासाहेबांनी 'सखी' म्हटलं आणि गंगा-यमुनांच्या पंगतीला नेऊन बसवलं.

बेळगावात गणेश विद्यालयाचे मुख्याध्यापक राहिलेले काकासाहेब १९१२ साली स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर यांच्यासोबत हिमालयात हिंडले. त्यातून 'हिमालयनो प्रवास' हे पुस्तक आलं, तेही गुजरातीत! थोरपणी शिकलेल्या भाषेत माणूस असं लिहून गेला, की गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. आपल्या माणसाचं पुस्तक आपण अनुवादातून वाचायचं, याची थोडी चुटपुट लागतेच. पुढे सोबती स्वामी आनंदही गुजरातीतले नावाजलेले लेखक झाले, हिमालयातल्या तीर्थांवर त्यांनीही लिहिलं. काकासाहेबांचं नद्यांवरचं 'लोकमाता' वाचलेला माणूस एसटी पुलावर आली की खिडकीतून खाली वाकून बघतो, पाणी किती आहे ते.

काकासाहेबांच्या या बेळगुंदीत आता मराठी साहित्य संमेलन भरतं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, निपाणीकडचं कारदगा इथंही अशी संमेलनं भरतात. मांडव गावकरीच घालतात.