ज. वि. ना. आणि ना. वि. ज.

मंडळी, कोड रिव्ह्यू करताना तुम्ही आधी काय बघता? कोड, की तो कुणी लिहिलाय ते? खरं सांगा! चिकलठाण्याच्या एमआयडीसीपासून हिंजवडीपर्यंत रीत एकच. नाव मोठं असलं की लोक न वाचताच 'ओके' ठोकतात.

जयंत नारळीकरांपुढे १९७४ साली हीच अडचण होती. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली आणि त्यांना भाग घ्यायची हुक्की आली. पण १९६४ साली फ्रेड हॉइलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडल्यापासून ते घराघरात पोचलेले, १९६५ साली, वयाच्या २६व्या वर्षी, पद्मभूषणही मिळालेलं. असं नाव वर लिहिलेली कथा नापास करायची कुठल्या परीक्षकाची हिंमत?

मग त्यांनी आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना. चे झाले ना. वि. ज., म्हणजे नारायण विनायक जगताप! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहून घेतली. (त्या स्वतः गणितज्ञ, तरी लेखनिकाचं काम केलं.) जगतापांच्या 'कृष्णविवर'ला पहिलं बक्षीस मिळालं. आणि या कथेची सुरुवात कुठे झाली, तर अहमदाबादच्या एका परिसंवादात, कंटाळवाणं भाषण चालू असताना! आपण अशा वेळी मोबाईल काढतो, असो.

खोट्या नावाने साहित्यात शिरलेला हा माणूस २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला.

आता हे सगळं वाचून ते मवाळ होते असं समजू नका. १९६५ मध्ये विश्वातल्या सूक्ष्मलहरी सापडल्या आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूने गेले. नारळीकर मात्र विरोधातच राहिले. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी पर्यायी सिद्धांत मांडला. पुरावे त्यांच्या बाजूने नाहीत असं मलाही वाटतं. पण गंमत बघा, १९८८ मध्ये पुण्यात त्यांनी 'आयुका' उभी केली, तिथे थाणू पद्मनाभन यांच्यासारखे महास्फोटाच्या चौकटीत संशोधन करणारे लोक बिनधास्त काम करत होते. संचालकाचं मत वेगळं म्हणून कुणाचं अडलं नाही. आपल्याकडे आर्किटेक्टच्या डिझाईनवर शंका काढून बघा जरा!

२० मे २०२५ ला ते पुण्यात गेले. शाळेतली पोरं सहीसाठी वह्या पुढे करायची, तेव्हा ते सांगायचे, सही नाही, पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठव. उत्तर येईल, सही त्याखाली असेल.