घर, मोहल्ला आणि बोर्डिंग



सर सय्यद अहमद खान यांच्या विचारात दोन शब्द जोडीने येतात : तालीम आणि तरबियत. तालीम म्हणजे शिक्षण. ते शाळेत मिळते. तरबियत म्हणजे जडणघडण. ती आपण जेथे राहतो, जेवतो, झोपतो, भांडतो, तेथे होते. शाळा मुलाला दिवसाचे पाचसहा तास सांभाळते, उरलेले अठरा तास घर आणि मोहल्ला सांभाळतात. आपण मुलासाठी शाळा निवडताना दहा ठिकाणी चौकशी करतो. पण तो घरात कोणत्या कोपऱ्यात बसून वाचणार, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडतो? ज्यांना तो पडला, त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

मुंबईपासून सुरुवात करू. १८९६ साली मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली आणि त्या शहरातील गोरगरीब कसे राहतात, याकडे सरकारचे प्रथमच गंभीरपणे लक्ष गेले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते निघाले, काही चाळी बांधल्या गेल्या. तरीही १९११ च्या खानेसुमारीत शहरातील दोनतृतीयांशांहून अधिक माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. चूल तेथेच, पाण्याचे पिंप तेथेच, आजारी माणूस तेथेच, आणि परीक्षेला बसणारा मुलगाही तेथेच.

अशाच एका खोलीत परळ भागात सुभेदार रामजी सकपाळ राहत होते. त्यांचा मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होता. खोलीत माणसे, भांडी, जळण यांची एवढी गर्दी, की मुलाला पाय पसरून झोपायलाही धड जागा नव्हती. वडिलांनी युक्ती काढली. मुलाला संध्याकाळी लवकर झोपवावयाचे, आपण पहाटे दोनपर्यंत जागे राहावयाचे, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवावयाचे आणि त्याच्या जागी आपण आडवे व्हावयाचे. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. पुढचे डॉक्टर आंबेडकर आपणांस ठाऊक आहेत. पण मला त्या बापाचे फार कौतुक वाटते. घर मोठे करणे त्यांच्या हाती नव्हते, म्हणून त्यांनी घरातील वेळ वाटून घेतला.

सर्वांनाच असे वडील लाभत नाहीत, आणि कोणा बापाने रोज जागावे, या भरवशावर समाज पुढे जाऊ शकत नाही. मग दुसरा मार्ग उरतो. मुलाला शिक्षणापुरते दुसऱ्या घरात नेऊन ठेवावयाचे. हे दुसरे घर म्हणजे बोर्डिंग.

सर सय्यद १८६९ साली विलायतेला गेले. केंब्रिजची विद्यार्थ्यांनी एकत्र राहण्याची पद्धत त्यांच्या मनात भरली. १८७५ साली अलिगढला शाळा सुरू झाली, तिचे पुढे कॉलेज झाले, आणि त्या कॉलेजचा प्राण वर्गांपेक्षा वसतिगृहात होता. एकत्र नमाज, एकत्र जेवण, वादसभा, क्रिकेट. मौलाना शौकत अली तेथे क्रिकेटचे कप्तान होते. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली मुले तेथून ‘अलिगढवाले’ होऊन बाहेर पडत आणि पुढे आयुष्यभर एकमेकांना ओळख देत. मात्र एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. तेथे पोचत ती बहुधा जमीनदारांची आणि सरकारी अंमलदारांची मुले. विणकराच्या, खाटकाच्या मुलाला तो खर्च झेपणारा नव्हता.

तो मुलगा आपल्याकडे कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या दृष्टीस पडला. खेड्यातील मुलगा चौथी-पाचवीनंतर शहरात आला, तर राहावयाचे कोठे आणि खावयाचे काय, हा खरा प्रश्न होता. गरीब ब्राह्मण मुलाला निदान वार लावून जेवण्याची सोय होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. इतरांच्या मुलांना ती वाट नव्हती. १८९६ साली राजाराम कॉलेजला जोडून सर्वांसाठी म्हणून एक वसतिगृह निघाले होते. पण दार सर्वांना उघडे ठेवल्याने सर्व जण आत येतात, असे नाही. व्यवहारात तेथे एकाच वर्गाची मुले राहिली. यावरून महाराजांनी धडा घेतला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग सुरू झाले. १९०२ साली त्यांनी संस्थानातील पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या जागांवर बसण्याजोगी शिकलेली मुले हवी होती, आणि ती या बोर्डिंगांतूनच येणार होती.

मुसलमान विद्यार्थ्यांपैकी काहींची सोय महाराजांनी आधी मराठा बोर्डिंगातच केली. पुढे १९०६ साली कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले, जागा दिली, बांधकामाला मदत दिली. एका हिंदू राजाने मुसलमान मुलांच्या बोर्डिंगचे अध्यक्ष व्हावे, ही गोष्ट प्रत्येक मोहल्ल्यात सांगितली पाहिजे, असे मला वाटते. दसरा चौकात आजही मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग जवळजवळ उभी आहेत.

येथे चिकित्सक वाचक विचारील, की जातवार घरे बांधून जातीच पक्क्या झाल्या नाहीत का? हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघाले. त्याच्या समारंभाला जैन बोर्डिंगातील एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर त्याला शुद्धीसाठी स्नान करावयास सांगितले गेले. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. त्या विद्यार्थ्याचे नाव भाऊराव पाटील. ज्या घराने त्याला शिकविले, त्याच घराच्या भिंतीही त्याने पाहिल्या.

पुढे १९२४ साली साताऱ्यास त्यांनी बोर्डिंग काढले, तेव्हा सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली ठेवली. मुलांनीच पाळीपाळीने स्वयंपाक करावा, पाणी भरावे, झाडलोट करावी, आणि एका पंक्तीला बसावे. १९२७ साली गांधीजी तेथे आले आणि बोर्डिंगला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. धान्य संपले की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचा दागिना काढून देत. शेवटी मंगळसूत्रही गेले. माझ्या मते कोल्हापूरची पायरी चढल्यावाचून साताऱ्याची पायरी आली नसती. आधी मुलगा घराबाहेर पडून कोठेतरी टेकला पाहिजे, मग तो शेजाऱ्याच्या ताटाला ताट लावतो.

आतापर्यंत सर्व गोष्ट मुलग्यांची झाली. वर्गात शिकविताना मला वह्या पाहूनच घर कळते. तेलाचे, हळदीचे डाग पडलेली वही बहुधा मुलीची असते. तिचा अभ्यास चुलीपाशी, भाकरी भाजता भाजता झालेला असतो. तिच्या भावाची वही स्वच्छ असते, आणि गुण मात्र पुष्कळदा तिलाच अधिक असतात.

या मुलीचा विचार अलिगढलाही झाला, पण सर सय्यदांच्या नंतर. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वाहिद जहाँ बेगम यांनी १९०६ साली तेथे मुलींची शाळा काढली. मुलींना घरून पडद्याच्या डोलीतून आणले जाई. दूरच्या गावांतील मुलींसाठी १९१४ साली वसतिगृह उघडले. परक्या छपराखाली मुलगी कशी ठेवावी, हीच सर्व आईबापांची अडचण होती. वाहिद जहाँ बेगम आपले घर सोडून त्या मुलींबरोबर राहावयास आल्या. मुली त्यांना आला बी म्हणत.