आमची जर्मन गाडी

मोटारींचा विषय निघाला की आमचे एक स्नेही हटकून जर्मन गाड्यांवर येतात. युद्धात बेचिराख झालेल्या देशानं १९५१ साली मर्सिडीज ३०० कशी काढली, वुल्फ्सबर्गची बीटल जगभर कशी पोचली, हे ते अशा थाटात सांगतात, की तिथल्या कारखान्यात पाने-पकडी हेच पुरवत होते! एकदा मी म्हटलं, "आमच्या इतवारीतही होती की जर्मन गाडी. आजी बसली होती तीत." त्यांचा चहाचा कप हवेतच राहिला.

थट्टा नव्हे. हाम्बुर्गच्या विडाल आणि सुपुत्रांनी १९४९ साली 'टेम्पो हॅन्सिएट' ही तीनचाकी काढली. मर्सिडीज परवडणारे थोडे. भाजी, दूध, कोळसा वाहणारेच फार. इंजिन पुढच्या एकुलत्या चाकापाशी, ओढायचं कामही त्याच चाकाचं. त्यामुळे मागचा हौदा सगळा मालाला मोकळा. पुढे तिकडे पैसा आला, चौथं चाक आलं आणि १९५६ च्या सुमारास हॅन्सिएट निवृत्त झाली. आपल्याकडे निवृत्तांना नोकरीची कमतरता नसते. १९५८ साली फिरोदियांच्या बजाज टेम्पोनं तिला गोरेगावात रुजू करून घेतलं. १९६४ साली कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला.

इतवारीला ती फार मानवली. किराणा ओळीत जिथं ट्रक शिरत नसे आणि बंडी शिरली तर निघत नसे, तिथं ही फटफटत वळे. पुढे चौथं चाक आलं, डिझेल आलं, २००५ साली कंपनीनं नावही बदलून फोर्स मोटर्स केलं. पण माल वाहील तो टेम्पो, हे इतवारीनं ठरवलं ते ठरवलं. जर्मनीत मात्र आज 'टेम्पो द्या' म्हटलं तर माणूस नाक पुसायला कागदी रुमाल काढून देतो. तो ब्रँड वेगळा. शब्दाचा मूळ अर्थ तिकडे वेग!

आम्ही इतवारीतला वाडा सोडला तेव्हा बंब, पलंग, लोणच्याच्या बरण्या सगळं टेम्पोत चढलं. आजी रिक्षात बसेना. "माझं सामान तिथं मी," म्हणाली. टेम्पोवाला म्हणाला, "बसा जी आजी पुढं, काही होत नाही." तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन ती बसली. लग्न होऊन ती याच गल्लीत आली होती. सराफ्याचं वळण आलं तशी म्हणाली, "हळूच चल रे बाप्पा, पाहू दे जरा."

आणि नावातच वेग असलेली ती गाडी हनुमाननगरपर्यंत बंडीच्या चालीनं गेली.

स्नेह्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी टेम्पो एकच होता?"

म्हटलं, "हो. जर्मन अर्थाचे चार-पाच लागले असते."