सगळी पानं माहीत झाल्यावर

ऑगस्ट २०१७. सिएटलमध्ये 'डोटा २'ची जागतिक स्पर्धा 'द इंटरनॅशनल' चालू होती. सामन्यांच्या मधल्या वेळात पडद्यावर 'वाल्व्ह' कंपनीच्या नव्या गेमची झलक दाखवायला सुरुवात झाली. बरीच वर्षं या कंपनीनं मोठा नवा गेम काढला नव्हता, त्यामुळे प्रेक्षक सरसावून बसले. पडद्यावर नाव उमटलं, 'आर्टिफॅक्ट', आणि त्याखाली 'डोटाचा पत्त्यांचा गेम' अशा अर्थाची ओळ. त्याबरोबर स्टेडियमभर लांबलचक 'अरेरे' घुमलं. यूट्यूबवर शोधलंत तर ते ऐकायला मिळेल. गेम यायला अजून सव्वा वर्ष होतं, पण लोकांचा रस जायला तेव्हाच सुरुवात झाली होती.

त्यांना दोष देता येत नाही. 'हार्थस्टोन', 'शॅडोव्हर्स', 'ग्वेंट', 'एल्डर स्क्रोल्स: लेजंड्स' अशी फोनवरच्या आणि कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांची रांग तोवर लागलेली होती.

मी तेव्हा सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि रोज हार्थस्टोन खेळत होतो. ब्लिझार्डचा हा गेम मार्च २०१४मध्ये अधिकृतपणे आला, एप्रिल २०१५मध्ये फोनवर उतरला आणि सप्टेंबर २०१६मध्ये जिओचं फुकट नेट आल्यावर आमच्या होस्टेलच्या मजल्यावर पसरला. (यातली तिसरी तारीख गेमच्या इतिहासात कुणी लिहिणार नाही, आमच्यापुरती तीच महत्त्वाची.) शेजारच्या खोलीत मेंढीकोटचा अड्डा असायचा. त्यांच्या कॅटमधली किलवर सत्ती हरवली होती, म्हणून जोकरवर बॉलपेननं ७ लिहून काम भागवलेलं. आम्ही त्यांच्याकडे जरा वरूनच बघायचो. त्यांच्याकडे ५२ पानं, आमच्याकडे शेकडो, आणि दर चार महिन्यांनी आणखी शंभरेक. दोन वर्षांनी, शेवटच्या वर्षाला असताना, आम्ही चौघांनी महिन्याभरात एकेक करून खेळणं सोडलं. भांडण नाही, परीक्षा नाही, काही नाही. शेजारी मेंढीकोट चालूच होता.

हे असं का होतं, ते वाचत गेलं की ज्या माणसापाशी आपण पोचतो तोच आर्टिफॅक्टचाही रचनाकार निघतो: रिचर्ड गारफिल्ड.

गारफिल्ड मुळात गणितज्ञ, पीएचडी कॉम्बिनेटोरिक्समधली. १९९३मध्ये त्याचा 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ आला. तोपर्यंत पत्ते म्हणजे सगळ्यांसमोर एकच कॅट. मेंढीकोट खेळताना कुणाच्या हातात काय आहे हे माहीत नसतं, पण खेळात एकूण काय आहे हे सगळ्यांना माहीत असतं. गारफिल्डनं हे उलटं केलं. पहिल्या आवृत्तीत २९५ वेगवेगळी पानं होती. ती पाकिटांतून विकायची, ज्याला जी मिळतील त्यातून त्यानं आपला कॅट बांधायचा. काही पानं फार ताकदवान होती, पण ती दुर्मीळ. लोक एखाद्या साध्या खेळावर करतात तेवढाच खर्च यावर करतील असा अंदाज होता. म्हणजे दहा मित्रांच्या टोळक्यात असं पान एखाद्याकडेच असणार. ते कधी ना कधी समोर येणार, बाकीचे 'हे काय आहे?' म्हणून ते हातात घेऊन वाचणार. खेळाची मजा त्या प्रश्नात होती. कंपनीनं सुरुवातीला पानांची पूर्ण यादीसुद्धा जाहीर केली नव्हती.

हा अंदाज लगेच कोलमडला. लोकांनी खोकीच्या खोकी विकत घेतली. युजनेटवर, म्हणजे तेव्हाच्या इंटरनेटवरच्या चर्चेच्या फळ्यांवर, खेळाडूंनी आपापली पानं टंकून यादी पूर्ण केली. मग यादीपाठोपाठ तयार कॅट फिरू लागले: अमुक साठ पानं घ्या, तुम्ही जिंकाल. १९९५च्या जानेवारीत कंपनीनं स्पर्धांसाठी 'टाइप २' नावाचा प्रकार काढला. त्यात फक्त अलीकडची पानं चालत. म्हणजे दर काही महिन्यांनी आधीची पानं शिळी व्हायची. यामागे विक्रीचा हिशोब होताच, पण मला त्यात एक कबुलीही दिसते. सगळं माहीत झालं की हा खेळ संपतो, म्हणून अज्ञान पुन्हा पुन्हा तयार करावं लागतं.

हार्थस्टोन या गोष्टीचीच फार वेगवान आवृत्ती होती. ३० पानांचा कॅट, एका पानाच्या जास्तीत जास्त दोन प्रती. नवा संच आला की पहिला आठवडा खरंच सुंदर असायचा. कुणालाच काही कळलेलं नसायचं. माझ्या रूममेटनं एकदा त्या आठवड्यात एका विचित्र कॅटनं आम्हा तिघांना हरवलं, आणि जेवायची मेस बंद होईपर्यंत आम्ही त्या एका पानावर वाद घालत बसलो. दुसऱ्या आठवड्यात मात्र हजारो लोकांच्या डावांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर्स बोलू लागायची. कुठला कॅट किती टक्के जिंकतो, दशांश चिन्हापर्यंत. रूममेटच्या कॅटचं उत्तर त्यात मिळून जायचं. मग वर चढताना समोर तेच चार-पाच कॅट. समोरच्याशी बोलायची सोय नाही, ठरावीक सहा वाक्यांपैकी एखादं पाठवायचं. त्यातलं 'वेल प्लेड' बहुतेक वेळा चिडवायलाच वापरलं जाई.

आणि तरीही आम्ही खेळत होतो, दीड वर्ष. हे समजायला थोडं गणित करावं लागतं. एका पाकिटात पाच पानं, किंमत १०० नाणी. तीन डाव जिंकले की १० नाणी. म्हणजे एका पाकिटाला ३० विजय. निम्मे डाव जिंकणाऱ्या माणसाला साठ डाव. त्याउलट रोज एक काम मिळायचं, 'अमुक पात्र घेऊन २ डाव जिंका', त्याला ४० किंवा जास्त नाणी. अशी तीनच कामं साठून राहायची. चौथ्या दिवशी नवीन कामाला जागा नसायची, ते बुडायचं. त्यामुळे तीन दिवसांत एकदा तरी गेम उघडणं भाग. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल बाजूला ठेवून मी नावडत्या पात्राचे दोन डाव काढलेले आहेत. कंटाळा तेव्हा येऊन गेला होता, फक्त त्याला बाहेर पडायची वाट नव्हती.

पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर एका ॲपसाठी 'स्ट्रीक'चं काम माझ्याकडे आलं. सलग सात दिवस ॲप उघडलं की बक्षीस, एक दिवस चुकला की शून्यापासून. कोड सोपा होता, दोन दिवसांत झाला. नंतर टीममध्ये आलेख दाखवला गेला: रोज येणाऱ्यांची रेघ वर गेलेली. त्या रेघेत आवडीनं आलेला माणूस आणि सातवा दिवस बुडू नये म्हणून आलेला माणूस वेगळे दिसत नव्हते. दिसावेत असं कुणाला वाटत होतं का, हा प्रश्न वेगळा.

गारफिल्डला मात्र हे वेगळेपण महत्त्वाचं वाटत होतं. २०१६मध्ये त्यानं एक जाहीरनामा लिहिला. माणसाच्या सवयीच्या दुबळेपणावर अमर्याद पैसे काढणारे गेम त्याला मान्य नव्हते. २८ नोव्हेंबर २०१८ला आर्टिफॅक्ट आला तेव्हा त्यात रोजची कामं नव्हती. २० डॉलर देऊन गेम घ्यायचा, दहा पाकिटं त्यातच, पुढचं पाकीट दोन डॉलरला, आणि पानं बाजारात विकता-घेता येणार. सुरुवातीला ॲक्स नावाच्या एका पानाचा भाव जवळपास अख्ख्या गेमइतका होता, त्यावरून भरपूर शिव्या पडल्या. पहिल्या दिवशी एका वेळी सुमारे ६० हजार लोक खेळत होते. काही महिन्यांत हा आकडा शेकड्यांत आला. स्टीमवर तो सगळ्यांना दिसतो, त्यामुळे गेम ओस पडताना बघणं हाच काहींचा विरंगुळा झाला. मार्च २०१९मध्ये गारफिल्ड वाल्व्हबरोबरच्या कामातून बाहेर पडला. नवी आवृत्ती करायचा प्रयत्न झाला, तोही मार्च २०२१मध्ये थांबवला. जुनी आणि अर्धवट नवी, दोन्ही फुकट केल्या, जुनीतली सगळी पानं सगळ्यांना दिली. गर्दी परतली नाही.

याचं खापर पैशांवर फोडायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं, कारण फुकट झाल्यावरही कुणी आलं नाही. तीन रांगांमध्ये एकाच वेळी चालणारा तो खेळ अवघड होता, डाव लांबायचे, हेही खरं. पण रस गेल्यावर माणसाला धरून ठेवणारी दोरी त्यात नव्हती, हा फरक मला जास्त मोठा वाटतो. आमचा रस आणि आमचं खेळणं यांच्यात दीड वर्षाचं अंतर पडलं. आर्टिफॅक्टच्या लोकांचं ते अंतर काही दिवसांचं होतं. त्याच नोव्हेंबर २०१८मध्ये हार्थस्टोननं दहा कोटी खेळाडूंचा टप्पा जाहीर केला. त्या दहा कोटींत मीही होतो. खेळणं सोडून तेव्हा महिना झाला होता.

त्याच महिन्यात गारफिल्डचा आणखी एक खेळ आला, 'कीफोर्ज'. हा कागदी पत्त्यांचा. यात कॅट बांधायचाच नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक कॅट वेगळा तयार करतं, छापतं, आणि तो कॅट जगात एकच असतो. पान बदलायला परवानगी नाही. म्हणजे दुसऱ्याचा कॅट उतरवून घेणं अशक्य. १९९३मधलं ते 'हे काय आहे?' परत आणण्याचा इतका सरळ प्रयत्न दुसरा मला माहीत नाही. २०२१मध्ये प्रकाशकानं जाहीर केलं की कॅट तयार करणारा प्रोग्राम बिघडला आहे आणि तो मुळापासून पुन्हा लिहावा लागेल. (ही बातमी मी ऑफिसमध्ये वाचली आणि तो जुना कोड कुणाच्या गळ्यात पडला असेल याचाच विचार करत राहिलो.) पुढच्या वर्षी 'घोस्ट गॅलक्सी' या कंपनीनं खेळ विकत घेतला, २०२३मध्ये नवा संच काढला. त्यातलाही प्रत्येक कॅट एकमेव आहे. फक्त कीफोर्जच्या चाहत्यांनी केव्हाच एक साइट बांधली आहे, जी कुठल्याही कॅटला गुण देते. पाकीट फोडलं की बरेच जण आधी त्यावरचा कोड स्कॅन करतात आणि आपल्याला किती गुण मिळाले ते बघतात.