खुडूक कोंबडी आणि उबवणीचे कपाट

खुडूक कोंबडी टोपलीत बसली म्हणजे घरच्या माणसांना फारसे काही करावे लागत नाही. दाणापाणी जवळ ठेवावे आणि २१ दिवस मोजावेत. ऊब देणे, अंडी वेळोवेळी फिरविणे, क्षणभर उठून त्यांना मोकळी हवा लागू देणे ही सारी कामे ती आपणहून करते. परंतु एका कोंबडीखाली दहा-बारा अंड्यांहून फार अधिक मावत नाहीत, आणि ती खुडूक केव्हा होईल हे धन्याच्या हाती नसते. या दोन अडचणींतून सुटण्यासाठी मनुष्याने जे प्रयत्न केले, त्यांतूनच उबवणी यंत्र जन्मास आले.

या प्रयत्नांचे जुने माहेर म्हणजे ईजिप्त. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने तेथील कृत्रिम उबवणीचा उल्लेख केला आहे. पुढील काळातील प्रवाशांनी वर्णिलेल्या भट्ट्या मातीच्या विटांच्या असत. मधून अरुंद बोळ आणि दोन्ही बाजूंस दुमजली खोल्या. खाली हजारो अंडी मांडलेली, वर शेण व पेंढा यांचा धुमसता विस्तव. उष्णतामापक नव्हताच. भट्टीवाला अंडे आपल्या पापणीला लावी आणि ऊब कमी की अधिक ते ताडी. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई.

फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने पापणीच्या जागी उष्णतामापक आणला. कुजणाऱ्या खतात पिंपे पुरून त्यांत त्याने अंडी उबविली व १७४९ साली आपले प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. खतातून उठणारी दमट वाफ गर्भाला घातक ठरते, हे त्याला आढळून आले. उष्णता साधली म्हणजे उबवणी साधली असे नव्हे. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून अंडे श्वास घेत असते, हा धडा यातून मिळाला.

एकोणिसाव्या शतकात दिव्यावर चालणाऱ्या पेट्या आल्या. अमेरिकेत पेटालुमा येथे लायमन बाईस याने १८७९ मध्ये आपले यंत्र सिद्ध केले. इंग्लंडमध्ये १८८१ साली चार्ल्स हिअरसन याने ईथरयुक्त द्रव भरलेली धातूची डबी वापरली. ऊब वाढली की डबी फुगे, तरफ उचलली जाई आणि दिव्याची जादा उष्णता बाहेर पडे. परंतु स्थिर हवेच्या पेटीत वरचा थर तापतो आणि खालचा थंड राहतो. म्हणून अंड्यांवर अंडी रचता येत नसत.

ही कोंडी हवेच्या प्रवाहाने फोडली. गर्भ आरंभी ऊब मागतो, पण उत्तरार्धात स्वतःच ऊब देऊ लागतो. जुन्या अंड्यांची ही जादा ऊब वाहत्या हवेने नव्या अंड्यांकडे नेण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेतील सॅम्युएल स्मिथ याला १९१८ साली मिळाले. त्यावरून चाललेले दावे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९३५ मध्ये निकाल स्मिथच्या बाजूने लागला. थरावर थर रचलेले कपाट अशा रीतीने शक्य झाले. १९१८ मध्येच अमेरिकेच्या टपालखात्याने एक दिवसाची पिले पाठविण्यास अनुमती दिली. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिलू दोन-तीन दिवस तग धरते.

या सोयीची किंमत मात्र कोंबडीने दिली. खुडूक कोंबडी अंडी घालीत नाही. म्हणून न बसणाऱ्या कोंबड्यांचीच निवड होत गेली. पांढऱ्या लेगहॉर्न जातीत ही वृत्ती जवळजवळ लोपली आहे. अशा कळपाचा वंश यंत्रावाचून चालत नाही. वीज गेली तर त्या अंड्यांवर बसायला कोणीच नसते.

म्हणून कपाट घेताना ते किती अंडी घेते याआधी ते कोंबडीची किती कामे करते हे पाहावे. पंख्याच्या कपाटात सर्व कोपऱ्यांत ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस ऊब सारखी राहिली पाहिजे. आर्द्रता आरंभी ५५ ते ६० टक्के आणि शेवटच्या तीन दिवसांत ६५ ते ७५ टक्के असावी. अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरत राहावीत, पुढे मुळीच नाही. हवेची भोके बुजवू नयेत. अंडी ठेवण्यापूर्वी कपाट एक-दोन दिवस रिकामे चालवून दुसऱ्या उष्णतामापकाने पडताळावे. अंडी आठवड्याहून जुनी नसावीत, आणि त्यांचा रुंद भाग वर असावा. वीज गेल्यास पर्यायी सोय आधीच केलेली बरी.

यंत्राची चूक त्याच दिवशी क्वचितच दिसते. ती बहुधा एकविसाव्या दिवशी, न फुटलेल्या अंड्यांतून कळते, आणि तेव्हा दुरुस्तीला वाव नसतो. ज्याच्या अंगणात गावठी कोंबडी अजून खुडूक होते, त्याने कपाट घेतल्यावरही तिची टोपली मोडीत काढू नये.